सबसिडी कन्सल्टंट, होटगी रोड, सोलापूर: माणूस सरळ, फी तगडी

आमच्या टॉवेल कारखान्यात एक जर्मन पार्टी पैसे घालायचं म्हणतेय, म्हणून सरकारी सवलती काय मिळतात ते विचारायला गेलो. उगाच स्वप्नं दाखवली नाहीत हे आवडलं. कापडाची पीएलआय (केंद्राची उत्पादनाशी जोडलेली सवलत योजना) १०,६८३ कोटींची आहे खरी पण ती मॅनमेड फायबर (कृत्रिम धागा) आणि टेक्निकल टेक्स्टाइलला (खास तांत्रिक कामाचं कापड), आपल्या सुती टॉवेलला नाही, आणि तीपण आधी माल विका मग वाढीव विक्रीवर पैसे, असलं गणित (मोबाइलच्या पीएलआयमधल्या फॉक्सकॉन, सॅमसंगवाल्यांना परवडतं ओ, आपलं काय). राज्याच्या योजनेत मात्र तालुका कुठल्या गटात त्यावर एसजीएसटी (जीएसटीतला राज्याचा वाटा) परतावा, वीज शुल्क माफी वगैरे ठरतं, ते चिंचोळी एमआयडीसी धरून नीट सांगितलं. फी ऐकून घाम फुटला, पार्किंग तर नाहीच. चार स्टार.