खराडीतला नवा फुटपाथ: काही महिने रोज चालल्यानंतर

पुण्यात रामवाडीला मेट्रोतून उतरायचं, पुढे बस किंवा शेअर रिक्षा, आणि आयटी पार्कांच्या कोपऱ्यापासून ऑफिसपर्यंत पायी. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आल्यापासून माझा आणि आमच्या इमारतीतल्या बऱ्याच जणांचा हाच रस्ता. शेवटचा पायी टप्पा आतल्या एका रस्त्यावरून जातो. तिथे दोन्ही बाजूंना फुटपाथ करायचा विषय निघाला तेव्हा चांगलीच वादावादी झाली होती. आता फुटपाथ होऊन, त्यावरून एक अख्खा पावसाळा काढून झालाय, म्हणून लिहिते.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं आधी सांगते, कारण त्यातलं सगळंच चूक नव्हतं. दुकानदार म्हणत होते की समोरचं पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक थांबणार नाही. दुचाकीवरून येणारे आमचेच सहकारी म्हणत होते, गाडी लावायची कुठे? आणि सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेला प्रश्न म्हणजे, ‘इथे चालतंय कोण? सगळे कॅबने येतात.’ जंगली महाराज रस्त्यावर लोक फिरायला, बसायला येतात, तिथे रुंद फुटपाथ शोभतो, इथे काय करायचाय, असंही एकजण तावातावाने म्हणाले.

चालतं कोण, हे सकाळी शिफ्ट बदलताना कोपऱ्यावर उभं राहिलं की दिसतं. हाउसकीपिंगच्या बायका, सिक्युरिटीवाले, कँटीनची पोरं, नव्याने नोकरीला लागलेली आणि पीजीत राहणारी मुलंमुली. फुटपाथवर चर्चा करायला जी बैठक झाली, तिला यांतलं कुणीही नव्हतं, कारण बैठक कामाच्या वेळेत होती. आमच्या मजल्यावरच्या मावशी मला म्हणाल्या, ‘ताई, आधी साडी सावरू का मागनं येणारी गाडी बघू, असं व्हायचं. आता मान खाली घालून चालता येतं.’ माझ्या मते फुटपाथच्या बाजूने एवढं एक वाक्य पुरे. लोक फिरायला येतात तिथे फुटपाथ हवाच, पण जिथे पोटासाठी रोज यावंच लागतं तिथे तो आधी हवा.

रुंदीबद्दल तक्रार नाही. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे, म्हणजे दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता जातील इतकी. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तेवढी मिळते. दिवेही बरे आहेत. उशिरा निघताना पूर्वी आम्ही दोघी-तिघी एकमेकींसाठी थांबायचो, आता एकटीनेही निघता येतं.

खरी गोची गेटांशी आहे. या रस्त्यावर प्रत्येक इमारतीला गाड्यांसाठी आत जायचं आणि बाहेर यायचं अशी वेगळी गेटं आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक गेटाशी फुटपाथ तोडलाय. वीतभर खाली उतरायचं, गाडीला वाट द्यायची, पुन्हा वीतभर वर चढायचं. त्याच सूचनांप्रमाणे कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेची, उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, पण काही ठिकाणी ती डोळ्यांनाही जास्त दिसते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कुबड्या घेऊन येणारा आमचा एक सहकारी शेवटी रस्त्यावरूनच चालायला लागला. चढ-उतार करण्यापेक्षा ते सोपं पडतं म्हणाला. नवा फुटपाथ शेजारी असताना त्याला गाड्यांमधून जावं लागतं, हे बघून फार वाईट वाटतं.

एका इमारतीने मात्र नीट केलंय. त्यांच्या गेटासमोर फुटपाथ एका पातळीत सरळ पुढे जातो आणि गाड्यांना छोटा उतार चढून त्यावरून जावं लागतं. तिथे ड्रायव्हर आपोआप ब्रेकवर पाय ठेवतात. शिट्टी नाही, बोर्ड नाही. बाकी गेटांशी सिक्युरिटीवाले हात दाखवून आम्हाला थांबवतात आणि गाडी आधी सोडतात. फुटपाथ कुणाचा, हे त्या काही फुटांत ठरतं.

पावसाळ्यात दुसरी बाजू कळली. केबलसाठी एका ठिकाणी खोदलं आणि पेव्हर ब्लॉक परत बसवताना खालची माती नीट ठोकलीच नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्यातला एक कोपरा डुगडुगायला लागला. त्यावर पाय पडला की खालचं गढूळ पाणी थेट पोटरीपर्यंत उडायचं. सलवारीवर ते डाग घेऊन मीटिंगला बसावं लागलेल्या बऱ्याच जणी आहेत. तक्रार केल्यावर ब्लॉक दुरुस्त झाले, पण खोदणारा कोण आणि पूर्ववत करणारा कोण, हे तिथे फलकावर लिहायला काय हरकत आहे? संध्याकाळी गर्दीत दुचाकी वर चढतात, हाही त्रास आहेच. जिथे बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे छोटे खांब, लावलेत तिथे तो थांबलाय.

दुकानदारांच्या बाबतीत: झेरॉक्सवाले आणि ज्यूसवाले आता तक्रार करत नाहीत, दुपारी त्यांच्याकडे चालत येणारे वाढलेत. प्लायवूडच्या दुकानाचं मात्र खरंच नुकसान झालंय. टेम्पो उभा करायला जागा नाही, माल रस्त्यात उतरवावा लागतो. त्यांना ठरावीक वेळेसाठी माल उतरवायची जागा आखून द्यायला हवी होती, आणि हे काम अजूनही अवघड नाही.

सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, ते मला आवडतं. पण आमच्या रस्त्यावर रोजचा दिवस महत्त्वाचा.

तुमच्या ऑफिसजवळ फुटपाथचा विषय निघाला, तर रुंदीवर भांडत बसण्याआधी नकाशात गेटं कुठे येतात ते बघा, प्रत्येक गेटाशी पातळी सरळ ठेवायला लावा आणि ते लेखी घ्या. बैठक सकाळी सात किंवा संध्याकाळी सातला ठेवायला सांगा, म्हणजे हाउसकीपिंगच्या बायकांना येता येईल. आम्ही उरलेली गेटं समपातळीत करण्यासाठी आमच्या रस्त्यावरच्या इमारतींच्या व्यवस्थापनांकडे अर्ज दिलाय. दोन इमारतींनी होकार कळवलाय, बाकीच्यांकडे पाठपुरावा चालू आहे.