बोर्रा गुहांचं ‘सगळं समाविष्ट’ पॅकेज: पैसे नेमके कुठे जातात

विशाखापट्टणमला उतरून बोर्रा गुहा एका दिवसात पाहून येणाऱ्यांना लुबाडलं जातं ते गुहेत नाही. ते काम आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत, मोबाइलवरच उरकलेलं असतं. गुहेच्या दारात फक्त उरलंसुरलं वसूल होतं. आणि सगळी मदार एकाच गोष्टीवर असते, ती म्हणजे तुमची घाई.

गुहा शहरापासून साधारण 90 किलोमीटरवर, अनंतगिरीच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर. बोर्रावरून छत्तीसगडमधल्या किरंदुलकडे जाणारी गाडी पहाटेच्या सुमाराला गाठावी लागते, आणि गुहेचं फाटक संध्याकाळी पाचच्या आसपास बंद होतं. या दोन वेळांच्या मध्ये सगळं बसवायचं असतं. हे गणित एजंटाला पाठ असतं, पर्यटकाला नसतं. “सर, दोनच सीट उरल्यात, दहा मिनिटांत सांगा,” हे वाक्य म्हणूनच चालतं.

सुरुवात बहुधा काचेच्या छताच्या डब्यापासून होते. हा डबा, म्हणजे व्हिस्टाडोम, या मार्गावर 2017 मध्ये आला. त्याच वर्षी तो मुंबई-मडगाव जनशताब्दीलाही लागला, त्यामुळे आपल्या लोकांना त्याची चटक आधीच लागलेली. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि थंडीच्या हंगामात जागा झपाट्याने संपतात. मग एजंट जादा पैसे घेऊन तिकिटाची पीडीएफ पाठवतो. तुम्ही पीएनआर टाकून पाहता, ‘कन्फर्म’ दिसतं, जीव भांड्यात पडतो. पण पीएनआर तपासताना प्रवाशांची नावं दिसत नाहीत. दहा आकडी नंबर खरा, जागा खरी, फक्त ती दुसऱ्याच कुणाची. पीडीएफवरची नावं बदललेली. गाडीत तिकीट तपासनीस त्याच्या यादीत बघतो आणि तिथे तुम्ही नसताच.

दुसरा प्रकार याहून साधा. तिकीट खरोखर तुमच्या नावावर काढतात, पीडीएफ पाठवतात, पैसे घेतात आणि मग रद्द करून परतावा स्वतःच्या खात्यात घेतात. कागद तसाच दिसत राहतो. म्हणून पीएनआर एकदा पाहून भागत नाही. आदल्या संध्याकाळी पाहा, चार्ट लागल्यावर पुन्हा पाहा. वर्ग, प्रवाशांची संख्या, डबा आणि आसन, चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. आरक्षणात मोबाइल नंबर तुमचाच घालायला सांगा, म्हणजे रद्द झाल्याचा संदेश एजंटाकडे न जाता तुमच्याकडे येईल. जो “सिस्टीममध्ये आमचाच नंबर जातो” म्हणतो, त्याला तिथेच रामराम करावा. स्वतःच्या खात्यावरून तिकिटं काढून ती जादा दराने विकण्याचा धंदा रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली गुन्हा आहे. शंका आली तर रेल्वेची हेल्पलाइन, 139. जागा नसेल तर सरळ दुसऱ्या वर्गाने जावं. बोगदे आणि दऱ्या त्या खिडकीतूनही तेवढ्याच दिसतात, आणि वारा फुकट.

आता पॅकेज. आंध्र प्रदेश पर्यटन महामंडळाची जाताना रेल्वे आणि येताना बस अशी सहल असते. तिच्याच धर्तीवर, सरकारी वाटेल असं नाव आणि बोधचिन्ह लावून जाहिराती फिरतात. इथे एक जागा अशी आहे जिथे सोंग उघडं पडतं. क्यूआर कोड स्कॅन केला की रक्कम टाकण्याआधी किंवा टाकताना पैसे घेणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं. जाहिरातीत ‘टुरिझम’ आणि पडद्यावर एखाद्या माणसाचं नाव, एवढं दिसलं तरी बोट तिथेच थांबवा. “आमच्या अकाउंटंटचं खातं आहे” हे उत्तर तयारच असतं.

आगाऊ रक्कम गेली की सहल ‘रद्द’ होते आणि परताव्याचं नाटक सुरू होतं: हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे परत येतील. यूपीआयचा पिन पैसे द्यायलाच लागतो, घ्यायला कधीच नाही. असे पैसे गेले तर हॉटेलच्या मॅनेजरशी वाद घालत बसू नका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर लगेच फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता आले तरच काही हाती लागतं. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. गाडी आली, सहल झाली, पण ठरलेलं दिलं नाही, असा मामला असेल तर तो ग्राहक हेल्पलाइनचा, 1915.

‘सगळं समाविष्ट’ या दोन शब्दांत काय काय नसतं? गुहेचं प्रवेश तिकीट, कॅमेऱ्याचं तिकीट, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, जेवण, आणि कटिकी धबधब्याकडे नेणारी जीप. शेवटचा रस्ता कच्चा असल्यामुळे तुमची मोटार तिथे जात नाही, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. पैसे देण्याआधी या सहा गोष्टी एकेक लिहून “यातलं काय धरलंय, काय नाही?” असं व्हॉट्सॲपवर विचारा. उत्तर लेखी घ्या; फोनवरचं ‘हो हो, सगळं आहे’ काही कामाचं नाही.

मोटारीने जात असाल तर नंबरप्लेट पिवळी आहे का ते आधी बघा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि घाटात काही झालं तर विम्याचा वांधा होतो. विशाखापट्टणमहून गुहेच्या पुढच्या अराकू खोऱ्यापर्यंत जाऊन-येऊन, वाटेत बोर्रा धरून, अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. दर किलोमीटरवर असेल तर निघताना मीटरचा फोटो काढा, ड्रायव्हरच्या देखत. खरी मेख वाटेतल्या थांब्यांत असते. मसाल्याचं दुकान, मधाचं दुकान, कॉफीचं दुकान, प्रत्येक ठिकाणी ड्रायव्हरचं कमिशन आणि तुमचा अर्धा तास. नऊला निघालेली गाडी मग दुपारी उशिरा पोचते, आणि “आता गुहेत फार गर्दी, तिकडचा पॉइंट दाखवतो” सुरू होतं. उपाय एकच: आधी गुहा, मग बाकीचं. ‘गुहा आज बंद आहे’ असं रस्त्यात कुणीही म्हणालं तरी तिकीट खिडकीपर्यंत जाऊन स्वतः बघायचं. तिकीट खिडकीवरच काढा आणि हातात आलेली तिकिटं मोजा.

आत गाइड घ्यायचा तर भाव माणशी की गटाचा, हे पहिल्या पायरीच्या आधी ठरवा. बाहेर आल्यावर तो नेहमी माणशी निघतो. गाइड नसला तरी अडत नाही. मोठं तोंड, रंगीत दिवे, खाली उतरणाऱ्या ओलसर पायऱ्या, सगळं समोरच असतं. चपलेला पकड हवी एवढंच. बाहेर माकडं आहेत. त्यांच्या लुटीला मात्र कुठली हेल्पलाइन नाही.

बांबूच्या नळकांड्यात भाजलेल्या बांबू चिकनमध्ये गोंधळ वजनाचा होतो. सांगितलेला भाव अर्ध्या किलोचा की किलोचा, कच्च्या मांसाचा की भाजलेल्या, हे नळकांडं निखाऱ्यावर जाण्याआधी विचारा आणि काटा डोळ्यांसमोर ठेवा. “मोत्तं एंत?” म्हणजे “एकूण किती?”, एवढं तेलुगू पुरतं.

अराकूच्या अरेबिका कॉफीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून तर प्रत्येक पुडीवर ‘अराकू’ लिहिलेलं दिसतं. चिकरीचं (एका मुळाच्या भाजलेल्या पुडीचं) मिश्रण असेल तर कॉफी-चिकरीचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असावं लागतं, आणि कॉफी किमान 51 टक्के असावी लागते. सुट्ट्या पुडीवर हे काहीच नसतं. तेव्हा दुकानदाराकडे काचेचा ग्लास आणि साधं गार पाणी मागा, चिमूटभर पूड वरून भुरभुरवा. कॉफी वर तरंगत राहते. चिकरी काही सेकंदांत खाली बसू लागते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघ ओढत जाते. ग्लास मागितल्यावर जो दुकानदार पुडी परत मागतो, त्याच्याकडे ती रेघ बघायचीही गरज पडत नाही.