ॲफ्रा बेनचं निवडक लेखन (पेपरबॅक) : बाई जबरदस्त, पुस्तकाची मांडणी यथातथा

रेटिंग: लेखिकेला 5 पैकी 5, पुस्तक काढणाऱ्यांना 3 च्या वर देणार नाही.

ॲफ्रा बेन म्हणजे सतराव्या शतकातली इंग्रज लेखिका. घेण्याआधी आत काय आहे ते सांगते. 'ओरूनोको' ही छोटी कादंबरी (1688), 'द फेअर जिल्ट', 'द रोव्हर' हे नाटक, थोड्या कविता आणि एकदम शेवटी तिनी हेर असताना अँटवर्पहून (आजच्या बेल्जियममधलं शहर) लिहिलेल्या पत्रांचे तुकडे. तिची ती गाजलेली 'लव्ह लेटर्स बिट्वीन अ नोबलमन अँड हिज सिस्टर' नाहीये, तीन भागांचं प्रकरण आहे ते (1684 ते 1687) त्यामुळे एकवेळ समजू शकते, पण नमुन्याला पाचदहा पत्रं टाकली असती तर काय बिघडलं असतं? लॉर्ड ग्रे नावाचा माणूस स्वतःच्या मेहुणीला घेऊन पळाला, 1682 मध्ये कोर्टकचेरी झाली, सगळ्या लंडनला मसाला मिळाला, आणि ह्या बाईनी नावं बदलून, गोष्ट फ्रान्सला नेऊन, स्वतःचं नाव न घालता ती बाजारात आणली. वाचणाऱ्यांना कोण कोण आहे ते अर्थातच कळत होतं.

प्रस्तावना लांबलचक आहे आणि मला तरी फार कंटाळवाणी वाटली. लेखणीवर पोट भरणारी इंग्लंडमधली पहिली बाई वगैरे, आणि मग लेखिका व्हर्जिनिया वुल्फनी 1929 मध्ये लिहिलेलं ते, की सगळ्या बायकांनी हिच्या कबरीवर फुलं वाहिली पाहिजेत. खरं आहे सगळं, पण किती वेळा तेच तेच? आणि ती हेर होती हे मात्र एका परिच्छेदात उरकलंय! इथेच माझी मुख्य तक्रार आहे, कारण माझ्या मते 'ओरूनोको' नीट कळायची असेल तर ते हेरगिरीचं प्रकरण आधी वाचलं पाहिजे. त्यामुळे माझं ऐका, पुस्तक मागून उघडा, पत्रं आधी वाचा.

1666, डचांशी युद्ध चालू, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या माणसांनी हिला अँटवर्पला पाठवलं. काम काय तर विल्यम स्कॉट नावाच्या माणसाला फोडायचं. ह्याचा बाप राजाच्या वडलांना, पहिल्या चार्ल्सला, मृत्युदंड देणाऱ्यांपैकी एक, त्यापायी त्यालाही 1660 मध्ये मारलेला, आणि पोरगा डचांकडच्या इंग्रज बंडखोरांत वावरणारा. बाईचं सांकेतिक नाव ॲस्ट्रीआ (Astrea). पत्रांत राजकारण थोडं आणि पैशाचं रडगाणं जास्त. खर्चाला पैसे पाठवा, इथे सगळं महाग आहे, अंगठी गहाण टाकलीय, परत यायचं तरी कशी. लंडनहून उत्तर नाही की पैसे नाहीत. शेवटी कर्ज काढून परतली, आणि ते फिटेना म्हणून 1668 मध्ये तुरुंगाची पाळी आली. राजासाठी जीव धोक्यात घातला आणि राजानी वाऱ्यावर सोडलं, तरी ही जन्मभर राजाच्याच बाजूची, हे मला काही केल्या पचत नाही.

आता ही पत्रं डोक्यात ठेवून 'ओरूनोको' वाचा. ओरूनोको हा आफ्रिकेतल्या कोरामँटियनचा राजपुत्र, जहाजाचा कॅप्टन त्याला पाहुणचाराला बोलावतो आणि बेड्या घालतो, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम ह्या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीत ऊस-मळ्यात नेऊन विकतो, तिथे त्याचं नाव सीझर ठेवतात आणि तिथेच त्याला त्याची हरवलेली प्रेयसी इमोइंडा भेटते. गोष्ट सांगणारी एक इंग्रज बाई, म्हणते मी सगळं डोळ्यांनी पाहिलं (बेन 1663-64 च्या सुमारास खरंच सुरिनामला होती असं बहुतेक अभ्यासक मानतात, गोष्टीतला बायम हा अधिकारी तर खराच होता). ही बाई सीझरशी गप्पा मारते, त्याला रोमन वीरांच्या गोष्टी सांगते, लवकरच सुटशील म्हणून धीर देते, आणि मधेच सहज लिहून जाते की ह्याला फार वेळ आमच्या नजरेआड होऊ देणं मला बरं वाटेना. म्हणजे मैत्रीपण चालू आणि पाळतपण चालू! हे जिला जमतं तिनी हे काम आधी केलेलं असतं. प्रस्तावनेत ह्यावर एक ओळ नाही.

आणि ऐन वेळी ही बाई नेमकी जागेवर नसते. सीझर गुलामांना घेऊन बंड करतो तेव्हा इंग्रज बायका घाबरून नदीने खाली निघून जातात, मागे सीझरला फटके मारून जखमांत मिरची चोळतात, आणि ही नंतर सांगते की मला कल्पना असती तर मी थांबवू शकले असते. शेवटी त्याचे तुकडे करतात, तो पाइप ओढत उभा, तेव्हाही ही आजारी म्हणून दुसरीकडे, तिची आई आणि बहीण मात्र तिथे असतात आणि त्यांचंही कोणी ऐकत नाही. मी दोनदा मागे जाऊन तपासलं, दर वेळी हिच्याकडे कारण तयार.

मागच्या कव्हरवर छापलंय 'गुलामगिरीविरुद्धची पहिली कादंबरी'. अहो कशी काय? ओरूनोको स्वतःच युद्धात पकडलेली माणसं विकत होता, पुस्तकातच आहे! बेनचा संताप माणूस विकला ह्याचा कमी, राजपुत्र विकला ह्याचा जास्त. म्हणून पुस्तक कमी दर्जाचं होत नाही, उलट ह्या अडचणीमुळेच ते अजून वाचवतं. पण कव्हरवर खोटं कशाला?

टिपा मात्र अधूनमधून छान आहेत, हे कबूल. सुरिनामच्या पिसांच्या पोशाखाची टीप बघा. गोष्टीतली बाई म्हणते की मला मिळालेला एक संच मी लंडनच्या किंग्ज थिएटरला दिला आणि 'इंडियन क्वीन' नाटकात तो वापरला. पुढे नाटकांवर जगणारी बाई, तिला आधी रंगमंचावर काय उठून दिसतं हेच दिसणार ना.

'द रोव्हर' (1677) वाचायला मस्त, बघायला अजून मजा येत असणार. तेव्हा लेखकाला तिसऱ्या प्रयोगाचं उत्पन्न मिळायचं, त्यामुळे नाटक दोन दिवसांत पडलं की लेखकाच्या हातात भोपळा. ओंगळ लिहिते म्हणून हिच्यावर सारखी टीका, आणि तिचं उत्तर सरळ होतं, हेच पुरुषानी लिहिलं असतं तर तुम्ही हसला असता. 'द लकी चान्स' ह्या तिच्या नाटकाची ती प्रस्तावना ह्या खंडात घ्यायलाच हवी होती. 1682 मध्ये तर एका नाटकाच्या शेवटच्या भाषणात राजाच्या अनौरस मुलाला, ड्यूक ऑफ मॉनमथला टोमणा मारला म्हणून अटकेचं वॉरंट निघालं. राजाच्याच बाजूनी बोलली आणि तरी वॉरंट, कारण पोरावर राजाचा जीव. कवितांत 'द डिसअपॉइंटमेंट' आहे, ऐन वेळी पुरुषाची फजिती होते ती, 1680 मध्ये छापून आली होती. जास्त सांगत नाही, वाचा.

छपाईबद्दल थोडं. अक्षर बारीक आणि टिपा सगळ्या शेवटी, त्यामुळे बोट अडकवून वाचावं लागतं आणि मधली पानं दोऱ्यातून निघायला लागलीयत. नकाशा नाही. सुरिनाम 1667 मध्ये डचांकडे गेलं, ही तारीख कळल्याशिवाय 1688 ला ती हरवलेल्या वसाहतीबद्दल लिहितेय हे लक्षातच येत नाही, आणि ती टीप शोधायला मला घाम फुटला. फक्त 'ओरूनोको' हवी असेल तर ई-बुक फुकट मिळतं, तेवढ्यावर भागेल, लांबीला काही फार नाही. पत्रं हवी असतील तरच हा खंड घ्या.