निबंध लिहून न देणारे मार्गदर्शन, वडोदरा

स्टॅनफर्डच्या एमबीए अर्जात ‘तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय आणि ते का?’ असा प्रश्न असतो, आणि माझ्या भाचीने त्याच्या उत्तरादाखल आधी नेतृत्वगुणांची नुसती जंत्री मांडली होती. दांडिया बाजारातील या मार्गदर्शन वर्गाच्या बाईंनी तिला एक ओळही लिहून दिली नाही. मकरपुऱ्याच्या कारखान्यात यंत्र बंद पडले तेव्हा रात्रपाळीचे कामगार तिच्याकडेच का आले, तिने त्या वेळी काय ठरवले आणि कशाच्या आधारावर, असे खोदून खोदून विचारत त्यांनी तिच्याकडूनच मसुदा पुन्हा पुन्हा लिहवून घेतला. विशेषणे गळून निर्णय दिसू लागला, हे मला फार मोलाचे वाटते. शुल्क चढे आहे आणि शिफारसपत्रांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. मुदत तोंडावर आली असेल, तर मात्र येथे जाऊ नये.