जी-६-पीडी कमतरता: एन्झाइमची चाचणी की जनुकीय चाचणी?

बाळाला जी-६-पीडीची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना फुटण्यापासून जपणाऱ्या एन्झाइमची, कमतरता असल्याचा संशय आला की आईवडील या दोन चाचण्यांमध्ये अडकतात. जनुकीय चाचणी नवी आणि महाग, म्हणून ती अधिक खरी, असं मात्र नाही.

खर्च आणि वेळ या दोन्ही बाबतींत एन्झाइमची चाचणी सहसा सरस ठरते. तांबड्या पेशींत एन्झाइम आज किती काम करतंय, हे ती थेट मोजते, आणि अशा रुग्णांच्या तांबड्या पेशी फोडू शकणारं प्रायमाक्विनसारखं (मलेरियावरचं) औषध द्यायचं की नाही हे ठरवताना हवं असतं तेच. पण वेळ चुकली तर ती फसवते. पेशी फुटण्याचा झटका नुकताच येऊन गेला असेल, तर कमी एन्झाइमच्या जुन्या पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात. नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं, त्यामुळे अहवाल नॉर्मल येऊ शकतो. अशा वेळी साधारण तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. रक्त चढवल्यानंतरही हीच अडचण येते.

जनुकीय चाचणीला ही वेळेची अडचण फारशी नसते. तिची खरी गरज स्त्रियांना. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. एकच सदोष प्रत असलेल्या स्त्रीच्या काही पेशी निरोगी, काही कमकुवत असतात आणि एन्झाइमची पातळी नॉर्मलही दिसू शकते. मात्र मोजकेच बदल तपासणाऱ्या चाचणीतून दुर्मिळ बदल निसटतात.

मुलगा असेल किंवा औषधाचा निर्णय घ्यायचा असेल, तर एन्झाइमची चाचणी करा. आई किंवा बहीण वाहक आहे का हे कळायला हवं असेल, किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर जनुकीय.