कंबोडियाची 'सेवा-सहल' आणि माझी तांदळाची गोणी

आधीच सांगते, मी ३१ वर्षं बँकेत कॅशियर होते. नोटा मोजण्यात आणि सह्या जुळवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे "तू कशी काय फसलीस गं?" हे घरच्यांचं विचारून झालंय, तुम्ही नाही विचारलंत तरी चालेल. लिहितेय एवढ्याचसाठी की ज्याने आम्हाला कंबोडियाच्या 'सेवा-सहलीला' नेऊन फसवलं, त्याच माणसाचा पुढचा ग्रुप निघतोय आणि बुकिंग करणारे सगळे आमच्यासारखेच, रिटायर झालेले, गाठीला चार पैसे असलेले आणि "नुसतं फिरून काय करायचं, काहीतरी चांगलं काम पण होऊ दे" म्हणणारे.

२०२४ च्या जानेवारीत मोठ्या नणंदेच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. फेब्रुवारीत ९ दिवस कंबोडिया, अंगकोर वाट या जुन्या देवळाचं दर्शन आणि सोबत अनाथ मुलांची सेवा, माणशी १ लाख ६५ हजार, त्यातले ४० हजार 'सेवा निधी'. एका हॉलमध्ये मीटिंग झाली, पडद्यावर मुलांचे फोटो, मागे बासरी, नंतर चहा-बटाटेवडा. मी आपलं सवयीने विचारलं की ४० हजारांचा हिशोब मिळेल का, कशाला किती जातात. तर सहल नेणारे ते सर हात जोडून म्हणाले, "ताई, सेवेला भाव करायचा नसतो." हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच त्या पोरांच्या ताटातला घास उचलतेय. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर फसवणूक तिथेच पूर्ण झाली होती, विमान-बिमान नंतरचं.

पैसे दोन ठिकाणी भरायला लावले. सव्वा लाख टूरचे, त्यातले बरेचसे कॅश, आणि ४० हजार एका ट्रस्टच्या खात्यात, त्याची पावती 'देणगी' म्हणून. वर "८०जी (देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट) मिळेल, आणि आम्ही टीसीएस (टूर विकताना गिऱ्हाईकाकडून घ्यायचा टॅक्स) पण लावत नाही, तेवढे तुमचे वाचले" हे पण सांगितलं, आणि मला वाटलं वा, किती भला माणूस. याचा अर्थ काय होता ते पुढे सांगते.

सिएम रीपला, म्हणजे अंगकोर वाटजवळच्या शहरात, पोचल्यावर पहिले दोन दिवस मजेत गेले, ते खोटं कशाला सांगू. अंगकोर वाटच्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय ते बघून डोळ्यात पाणी आलं. गाईडने सांगितलं देव ८८ आणि दैत्य ९२, तर नणंद म्हणाली म्हणजे तिथेही दैत्यच जास्त भरले का. ता प्रोहमला झाडांची मुळं देवळावर बसलीयेत, तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याने काम केलंय ते कळून उगाच छाती फुगली. पण पहिली खोट पण तिथेच निघाली. पत्रकात ३ दिवसांचा पास लिहिला होता, तो ६२ डॉलरला मिळतो. आमच्या हातात १ दिवसाचा पडला, ३७ डॉलरचा. तिकीट काउंटरवर प्रत्येकाचा फोटो काढून पासवर छापतात, तारीख पण असते, त्यामुळे लपवायला जागाच नाही. विचारलं तर म्हणे उरलेले दिवस सेवेचे आहेत ना. २८ माणसं गुणिले २५ डॉलर, मी बसमध्येच मनात गुणाकार केला. ७०० डॉलर.

मग अनाथ मुलांचा आश्रम. गावाबाहेर दोन खोल्या, पत्र्याची शेड, दारात दानपेटी, तीस-एक मुलं. आम्ही गेल्या गेल्या रांगेत उभी राहून नाचली, हिंदी गाणं पण म्हटलं. आम्हाला इंग्रजी शिकवायचं काम दिलं होतं. मी फळ्यावर ए फॉर ॲपल लिहायला घेतलं तर मागून एका सात-आठ वर्षांच्या पोरीने झेडपर्यंत सगळं एका दमात म्हणून टाकलं आणि माझ्याकडे बघत बसली, झालं का म्हणून. दर आठवड्याला नवीन बाई येते आणि ॲपलपासूनच सुरू करते, ती बिचारी काय करणार. आम्ही इथून २८ जोड बूट नेले होते, वाटले, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं परत अनवाणी. बूट कुठायत विचारलं तर कपाटात ठेवलेत, सणाला घालतील म्हणे.

संध्याकाळी तीच पोरगी शेडच्या मागे कोणाच्या तरी फोनवर बोलत होती, "माए, माए" करत. मला वाटलं आपल्याकडच्यासारखंच माय म्हणतेय की काय. आमच्या लोकल गाईडला विचारलं तर तो आधी हसला, मग सर लांब आहेत बघून म्हणाला, हो, आईच, थायलंडला बांधकामावर असते. यातल्या बहुतेकांना आईबाप आहेत मॅडम, शिकवतील-खायला घालतील म्हणून गरीब लोक मुलं देतात, आणि मुलं असली की तुमच्यासारखे लोक येतात.

घरी आल्यावर वाचलं तर हे काही गुपित नाहीये. तिथल्या सरकारने २०१५ मध्ये मोजणी केली तेव्हा अशा ४०६ संस्था निघाल्या, १६ हजारांच्या वर मुलं, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांचे निदान आई किंवा वडील हयात असतात असं युनिसेफ वर्षानुवर्षं सांगतंय. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीच्या कायद्याच्या वेळी अशा अनाथाश्रमांच्या धंद्याची दखल घेतली. आमच्या मीटिंगमध्ये बासरी वाजत होती.

आता गोणी. सहाव्या दिवशी तोन्ले साप सरोवरावर तरंगतं गाव बघायला नेलं. फेब्रुवारीत पाणी उतरलेलं, चहासारखं गढूळ, बोट चिखलाला घासत जाते. मधे एका तरंगत्या दुकानात थांबवतात, इथून तांदूळ घ्या आणि पुढच्या शाळेत द्या. ३० किलोची गोणी ४५ डॉलर. (तिथे सगळीकडे डॉलर चालतो, पण नोटेचा कोपरा जरा फाटलेला असला तरी परत करतात, आमच्या बँकेतही इतकं कडक नव्हतं.) आदल्या दिवशी मी बाजारात साधा तांदूळ किलोला ३००० रिएल (तिथलं चलन) बघितला होता, ४००० रिएलचा साधारण एक डॉलर, म्हणजे ती गोणी जास्तीत जास्त २२-२३ डॉलरची. तरी घेतली. आणि देताना सवयीने बॅगेतल्या मार्करने गोणीवर मोठं 'श्री' लिहिलं, कुठलंही चांगलं काम करताना लिहितोच ना आपण. शाळेच्या मास्तरांच्या हातात दिली, फोटो झाला.

आमचे दोन गट केले होते, दुसरा गट दुसऱ्या दिवशी गेला. दुपारी व्हॉट्सॲपवर त्यांचे फोटो आले, एक काका त्याच तरंगत्या दुकानात हसत गोणी उचलतायत आणि गोणीवर 'श्री'. माझंच अक्षर, वेलांटीचा झोका मी ओळखणार नाही का. एकच गोणी दोन दिवसात दोनदा विकली, आधी किती वेळा ते देवाला माहीत. सरांना फोटो दाखवला तर म्हणाले ताई, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता.

परत आल्यावर कागद काढून बसले. तेव्हा परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला आपल्याकडून ५ टक्के टीसीएस घेऊन भरावाच लागायचा, तो आपल्या पॅनवर २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या टॅक्सच्या उताऱ्यात, दिसायचा आणि रिटर्न भरताना वळता पण व्हायचा. माझ्या २६एएसमध्ये काहीच नाही, म्हणजे सरकारदरबारी आमची सहल झालीच नाही. 'वाचले' ते आमचे नव्हते, त्यांचे. ट्रस्टकडून ८०जी साठी १०बीई, म्हणजे देणगीचं सर्टिफिकेट, मे अखेरपर्यंत यायला पाहिजे होतं, ते आजपर्यंत आलेलं नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला, मग वकिलांना भेटले. ते म्हणाले जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल, आपल्या राहत्या जिल्ह्यात, ५ लाखांपर्यंत फी पण नाही, दोन वर्षांच्या आत टाका, पण ४० हजारांचं अवघड, कारण पावतीवर देणगी लिहिलंय आणि देणगी देणारा ग्राहक नसतो. आणि कॅशची पावती आहे का? नाहीये. मी, कॅशियर, पावती न घेता कॅश दिली.

त्यामुळे कोणी सेवा आणि सहल एकत्र विकत असेल तर पूर्ण रकमेचं जीएसटीचं बिल मागा, टीसीएस कुठे आहे विचारा, आणि चार दिवसांसाठी अनोळखी लोकांना मुलांमध्ये सोडणारी संस्था कसली आहे हे पण विचारा. आपल्याकडच्या बालगृहात असं कोणी २८ जणांची बस घेऊन आलं तर आपण आत घेऊ का?

पासाचा फोटो, पत्रक आणि ट्रान्सफरची एन्ट्री जोडून मी टूरच्या पैशापुरती तक्रार टाकली आहे, तारखा पडतायत. ग्रुपमधले २८ पैकी तिघेच सोबत आले, बाकीचे म्हणतात जाऊ द्या, पुण्य तर लागलं. नणंद अजून बोलत नाही नीट.

गेल्या आठवड्यात नवीन ट्रिपचं पत्रक आलं, फॉरवर्ड होत होत माझ्याकडेच. वर मधोमध माझा फोटो, मास्तरांना गोणी देताना, 'श्री' स्पष्ट दिसतंय. काढा म्हणून मेसेज केला, तर नमस्काराचे दोन हात आले. फोटो अजून आहे.