सुरैया घरी आणायची तर कशावर? तबकडी, एलपी, सीडी की मोबाइल

मावसबहिणीचा फोन आला. "दादा, आईला यंदा ऐंशी पूर्ण होतायत. तिला सुरैयाची गाणी द्यायचीत. तुझ्याकडे तो पसारा आहे ना, सांग, कशावर घेऊ?" माझ्या रेकॉर्डींना नातेवाइकांत पसाराच म्हणतात. अर्धा तास बोललो, पण "म्हणजे नक्की काय घेऊ?" हे तिचं पालुपद काही सुटेना. शेवटी म्हटलं, लिहूनच देतो. नाशकात आणखी कुणाच्या घरी हाच घोळ चालला असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी एक लक्षात घ्या. सुरैयाचं, म्हणजे जुन्या हिंदी चित्रपटांतल्या त्या गायिका-नटीचं, गाणं 1942च्या 'शारदा'पासून मोजलं, जिथे तेरा वर्षांच्या या पोरीकडून संगीतकार नौशादनी नायिका मेहताबसाठी गाऊन घेतलं, तर 1963च्या 'रुस्तम सोहराब'पर्यंत येऊन थांबतं. हा सगळा काळ 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, तबकडीचा. म्हणजे तिची बहुतेक गाणी लोकांनी पहिल्यांदा विकत घेतली ती तबकडीवरच. तिच्या गाण्यांच्या एलपी, सीडी हे सगळं मागाहून केलेलं संकलन.

म्हणून तबकडीपासून सुरुवात. तबकडी म्हणजे लाख. पळसा-बोरीवर किडे जी लाख धरतात तीच, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. मिनिटाला 78 फेरे आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. चित्रपटात लांबलेल्या गाण्याचं एखादं कडवं त्यात गळायचं, नाहीतर गाणं दोन बाजूंना तुटायचं. पण आवाज! 'प्यार की जीत'मधलं 'ओ दूर जानेवाले' चांगल्या तबकडीवर ऐका. सुरैयाचा आवाज काही फार फिरणारा नव्हता, ताना-मुरक्यांत ती रमली नाही. तिची श्रीमंती आवाजाच्या भरीवपणात, आणि तो भरीवपणा तबकडी जसा देते तसा दुसरं काही देत नाही, असं माझं मत आहे. खरखर असते, पण ती मागे, आवाज पुढे.

आता त्रास. चावीचा ग्रामोफोन असेल तर दर बाजूला नवी पिन. हा चोचलेपणा नाही. तबकडीतली दगडाची भुकटी पोलादी पिनेला घासून खाचेच्या आकाराची करते, तीच पिन पुन्हा लावली की ती खाच खाते. वर पिन धरणाऱ्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढे. चावी उतरत आली की सूरही उतरतो. म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्यासाठी उठा, पिन बदला, चावी द्या, बसा, पुन्हा उठा. मावशीचे गुडघे आठवा.

आणि तबकडी पुसायची कशी, हेही ठाऊक हवं. वीस वर्षांपूर्वी आजोबांच्या एका तबकडीवरची बुरशी मी स्पिरिटने पुसली. कापूस काळा होत गेला, मला वाटलं मळ निघतोय. निघत होतं गाणं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, लाकडाला मारायचं पॉलिश तसंच तर बनतं. कुठल्याही सुताराने सांगितलं असतं, पण मी विचारलं नाही. तबकडीला ओलसर मऊ फडकं पुरे, तेही लेबल वाचवून. लेबलाचं महत्त्व गंगेकाठच्यांना (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) वेगळं सांगायला नको. सप्टेंबर 2008मध्ये गंगेचं पाणी सराफ बाजारात शिरलं तेव्हा आमच्या वाड्यातली खालची पेटी भिजली. तबकड्या वाचल्या, लेबलं सुटली. आता कुठली तबकडी कुठली, ते लावल्याशिवाय कळत नाही. लेबलावरून आठवलं, 'महल'च्या (1949) तबकडीवर 'आएगा आनेवाला' गाणारीचं नाव लताबाईंचं नव्हतं, मधुबालाच्या पात्राचं, 'कामिनी' असं छापलं होतं. सुरैयाला ही अडचण नव्हती. 'शारदा'सारखी सुरुवात सोडली तर पडद्यावरही तीच, गळाही तिचाच.

एलपी वाजवायला सोपी. विनाइल नावाच्या प्लास्टिकची, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, एका बाजूला वीसेक मिनिटं, म्हणजे पाच-सहा गाणी. सुईचा भार दोन-तीन ग्रॅम. 'मिर्झा गालिब'सारख्या (1954) चित्रपटातल्या गझला एकापाठोपाठ ऐकायच्या तर हेच बरं. 'नुक्ताचीं है ग़म-ए-दिल' संपून, खोलीत तिचा आवाज अजून असताना पुढची गझल सुरू व्हायला हवी. मध्ये उठून पिन बदलली की गालिब गेला. गैरसोय म्हणाल तर ऊन. एप्रिलात गच्चीलगतच्या खोलीत एलपी आडव्या रचून ठेवल्या की पापडासारख्या वाकतात. उभ्या ठेवा, भिंतीच्या सावलीत. दुसरं म्हणजे संकलन करणाऱ्याची आवड. काही संकलनांत तीच ती आठ-दहा गाणी फिरतात, 'अफसर'मधलं 'मन मोर हुआ मतवाला' असेलच याची खात्री नाही. मागचं कव्हर वाचूनच पैसे द्या.

इथे एका फसवणुकीबद्दल सांगायलाच हवं, कारण बहीण नेमकी तिथेच निघाली होती. ब्रीफकेससारखे दिसणारे नवे रेकॉर्ड प्लेयर मिळतात, त्यावर 33, 45, 78 असे तिन्ही आकडे असतात. 78चा आकडा असणं आणि 78 वाजणं यात फरक आहे. 78ची खाच रुंद, तिला साधारण इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट जाडीची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ती खाचेच्या तळाशी धुळीत लोळत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त उचलते. 78ची वेगळी सुई बदलता येत असेल तरच तसा प्लेयर घ्या.

सीडीबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, आणि तोच तिचा गुण. लावा, ऐका. जुनी सीडी मिळाली तर सोडू नका. फक्त आवाज साफ करणाऱ्याचा हात जड नाही ना, ते पाहा. खरखर काढता काढता 'स' आणि 'श' बोथट होतात, दोन ओळींमधला तिचा श्वास नाहीसा होतो आणि मागची सारंगी पाण्याखालून आल्यासारखी वाटते.

मोबाइलवर गाणी सर्वांत जास्त आणि गोंधळही सर्वांत जास्त. एकच गाणं चार ठिकाणी चार लांबीचं. कुठे चित्रपटातून उतरवलेलं, मध्येच संवाद. कुठे तबकडीवरून, पण वेग चुकवलेला. वेग जरा वाढला तरी सुरैया शाळकरी मुलीसारखी ऐकू येते. एक गाणं चांगल्या सीडीवर ऐका आणि त्याच्याशी ताडून बघा, लगेच पकडाल. गाणी आधीच भरलेले रेडिओसारखे डबे मिळतात, ते वापरायला ज्येष्ठांना सोपे, पण आतली निवड कंपनीची. पाच हजार गाण्यांत सुरैयाच्या वाट्याला किती, हे यादीत मोजून मगच घ्या.

तर बाई, तुझ्या आईसाठी माझं म्हणणं असं. सीडी आणि साधा प्लेयर. सीडी नाही मिळाली तर पैसे देऊन घेतलेली गाणी पेनड्राइव्हवर, पंचवीसच, तिने सांगितलेली, तिने सांगितलेल्या क्रमाने. मावशी रेडिओ सिलोनवर वाढली आहे. साडेसातला जुनी गाणी लागायची, शेवटचं सैगलचं, ते संपलं की आजी स्वयंपाकघरातून हाक मारायची. तिला क्रम लागतो. एलपी घे ती तू स्वतः ऐकणार असशील तर. तबकडीचं वेड मात्र भेट म्हणून कुणाला देऊ नये.

तरीही एक तरी तबकडी हवीच असेल, तर बुधवारच्या बाजारात गंगेवर भंगारवाल्यांकडे कधीमधी दिसतात. सकाळी लवकर जा. तबकडी बोटाच्या टोकावर मध्ये धरून कडेला टिचकी मार. खणखणली तर ठीक, बद्द वाजली तर तडा आहे, दिसो वा न दिसो. मग मोबाइलचा टॉर्च तिरका धर. खाचा करड्या पडल्या असतील तर गाणं खाल्लेलं आहे, काळ्या चकाकत असतील तर घे. घरी येताना स्कूटरच्या डिकीत ठेवू नकोस, मांडीवर ठेव, म्हणजे गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला सांग. आणि पिनांची जुनी डबी दिसली तर माझ्यासाठी एक घे.